बेछूट गोळीबार झाला तर: कोल्हापुरातल्या दुकानांनी, शाळांनी, कारखान्यांनी करायची तयारी

कोल्हापुरातली बहुतेक दुकानं, क्लास, ऑफिसं आणि घरं चोर आत येऊ नये या हिशेबाने बांधलेली आहेत. खिडकीला जाड गजांचं ग्रिल, जिन्याला चॅनेल गेट, गच्चीच्या दाराला कुलूप, मागच्या दाराशी खोक्यांची थप्पी. रात्री दुकान बंद झाल्यावर या सगळ्याचा उपयोग होतो. पण भर दिवसा, गिऱ्हाईक भरलेलं असताना कुणी बंदूक घेऊन पुढच्या दारातून शिरला, तर हीच व्यवस्था आतल्या माणसांना कोंडून टाकते. म्हणून ही तयारी कुलपांपासून सुरू करायची. धाडसाची गोष्ट अगदी शेवटी येते.

असा प्रसंग आपल्याकडे क्वचित येतो. पण २६ नोव्हेंबर २००८ ची मुंबई आणि २२ एप्रिल २०२५ चं पहलगाम आपण पाहिलं आहे. २००० ते २०१३ या काळातल्या अमेरिकेतल्या अशा घटनांचा तिथल्या एफबीआय या केंद्रीय तपास संस्थेने अभ्यास केला. ज्या ६३ घटनांचा कालावधी नक्की कळला, त्यांतल्या ४४ पाच मिनिटांत संपल्या होत्या. देश वेगळा असला तरी यातून घ्यायचं ते घ्यावं: पोलीस कितीही वेगाने निघाले तरी पहिली काही मिनिटं आत असलेल्या माणसांचीच असतात. त्या मिनिटांत नवीन काही सुचत नाही, आधी ठरवलेलं तेवढंच हातून होतं. शिवाय इथे सांगितलेलं दारं-कुलपांचं काम आगीतही तितकंच उपयोगी पडतं. त्यासाठी केलेला खर्च वाया जात नाही.

आधी एकदा इमारत फिरून बघा

कागद-पेन्सिल घ्या आणि गर्दीच्या वेळी, म्हणजे खरोखर माणसं आत असताना, इमारत पायी फिरा. प्रत्येक खोलीत उभं राहून दोन प्रश्न विचारायचे. पुढचं दार बंद झालं असं धरलं तर मी रस्त्यावर कुठून पोहोचतो? आणि बाहेर पडताच आलं नाही तर कुठल्या दारामागे कडी लावून थांबतो?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर शोधताना वाट शेवटपर्यंत चालून बघा. "मागे दार आहे" एवढ्यावर थांबू नका. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांच्या मागचा बोळ कधी पुढच्या गल्लीत निघतो, तर कधी शेजारच्या न्हाणीघराच्या भिंतीला टेकून संपतो. मागच्या दाराची कडी गंजलेली असते, किंवा दार उघडल्यावर बाहेर कुणाची मोटारसायकल आडवी लावलेली असते. या गोष्टी चालत गेल्याशिवाय दिसत नाहीत.

सापडलेल्या अडचणींवर उपाय सोपे आहेत. धंद्याच्या वेळात चॅनेल गेटला कुलूप नको, आतून सरकवायची कडी पुरे. गच्चीच्या दाराला बाहेरचं कुलूप काढून आतून बोल्ट बसवा. किल्ली "मालकाकडे असते" ही व्यवस्था धोक्याची, कारण मालक नेमका त्या दिवशी सांगलीला गेलेला असतो. प्रत्येक मजल्यावर एका खिडकीच्या ग्रिलमध्ये बिजागरीवर उघडणारी चौकट करून घ्या, साधारण दोन फूट बाय तीन फूट, आणि तिची कडी आतून, हाताने निघणारी ठेवा. उद्यमनगरातला कुठलाही फॅब्रिकेटर हे काम करतो. चौकट बसली की महिन्यातून एकदा उघडून बघायची, नाहीतर रंगाच्या थराने ती चिकटून बसते आणि नेमक्या वेळी हलत नाही.

दुसरा प्रश्न दडायच्या खोलीचा. विटांच्या भिंती असलेली, आत उघडणारं दार असलेली, दाराला काच नसलेली खोली निवडा. प्लायवूड, जिप्सम बोर्ड किंवा अॅल्युमिनियम सेक्शनच्या पार्टिशनने केलेली केबिन नजरेआड करते, गोळी मात्र अडवत नाही. बऱ्याच ऑफिसांत सगळ्यात मजबूत जागा म्हणजे स्वच्छतागृह किंवा जिन्याखालची स्टोअररूम, पण तिथला बोल्ट बोटाएवढा असतो आणि अर्ध्या इंचाच्या स्क्रूवर लटकत असतो. एका लाथेत बोल्ट मोडत नाही, स्क्रू लाकडातून उपटून येतात. म्हणून दहा-बारा इंची स्टीलचे दोन टॉवर बोल्ट घ्या, एक खांद्याच्या उंचीवर आणि एक गुडघ्याच्या, आणि दीड ते दोन इंचाचे स्क्रू थेट चौकटीत जातील असे बसवा. बाहेरून उघडायची सोय आणि किल्ली जबाबदार माणसाकडे हवीच, नाहीतर आत कुणी बेशुद्ध पडला किंवा लहान मूल अडकलं तर दार तोडावं लागेल.

दार आतून बंद होणं किती महत्त्वाचं आहे ते अमेरिकेतल्या सँडी हूक शाळेवर १४ डिसेंबर २०१२ ला झालेल्या हल्ल्यानंतर ठळकपणे पुढे आलं. तिथल्या वर्गांची कुलपं बाहेरच्या बाजूने, किल्लीने लागायची. म्हणजे दार बंद करायला शिक्षकाने व्हरांड्यात यायला हवं. त्या घटनेनंतर नेमलेल्या आयोगाने वर्गाचं दार आतून बंद करता आलंच पाहिजे, ही शिफारस आग्रहाने केली. आपल्या शाळांतल्या वर्गांना बाहेरून कडी-कोयंडा असतो आणि आतून बहुधा काहीच नसतं. एका वर्गाला एक बोल्ट म्हणजे काही मोठा खर्च नव्हे. पालक-शिक्षक सभेत हा एक विषय लावून धरावा.

शटरच्या दुकानांची अडचण निराळी. शटर आतून ओढता येतं, पण कुलूप बाहेरून, त्यामुळे ओढलेलं शटर बाहेरचा माणूस तसंच वर उचलतो. दोन्ही बाजूंच्या पट्टीला आतून सळई किंवा बोल्ट सरकेल अशी भोकं पाडून घ्या. पट्ट्यांना महिन्याला ग्रीस लावा. खडखडत, मध्येच अडकत येणारं शटर ओढायला वेळ जातो आणि लक्षही वेधलं जातं. हल्लेखोर समोरच्या रस्त्यावर असेल तर शटर ओढायच्या नादाला न लागता मागून निघून जा.

सूचना कशी द्यायची

आगीची घंटा वाजवू नका. घंटा ऐकली की माणसं खोल्यांतून निघून व्हरांड्यात आणि जिन्यावर येतात, म्हणजे नेमकी बंदुकीच्या तोंडी. १४ फेब्रुवारी २०१८ ला फ्लोरिडातल्या पार्कलँडच्या शाळेत गोळ्यांच्या धुरा-धुळीने घंटा आपोआप वाजली आणि वरच्या मजल्यावरची मुलं आग समजून वर्गाबाहेर आली होती.

माइक असेल तर साध्या भाषेत, ठिकाण सांगून बोला: "गोळीबार चालू आहे. पुढच्या दाराकडे येऊ नका. मागच्या जिन्याने बाहेर पडा. जमत नसेल तर दार लावून घ्या." सांकेतिक शब्द नकोत, ते नव्या माणसाला आणि गिऱ्हाइकाला कळत नाहीत. २६/११ ला सीएसटी स्थानकात उद्घोषक विष्णू झेंडे यांनी आपल्या केबिनमधून माइकवर प्रवाशांना मागच्या बाजूने बाहेर पडायला सांगणं चालू ठेवलं. सूचनेत दिशा असली की काय होतं, ते तिथे दिसलं. कोल्हापुरात अंबाबाईला आणि एसटी स्टँडवर कर्नाटक, आंध्र-तेलंगणातून आलेली माणसं मोठ्या संख्येने असतात, तेव्हा तीच चार वाक्यं मराठी, हिंदी, कन्नड आणि तेलुगूत लिहून माइकशेजारी चिकटवून ठेवावीत. तालीम मंडळांनी गणपतीच्या मिरवणुकीतल्या साउंड सिस्टिमवाल्याला एक गोष्ट आधी बजावावी: इशारा मिळताच गाणं बंद, माइक कार्यकर्त्याच्या हातात.

आवाज ऐकू आल्यावर

आपल्या गावात फटाके बारमाही. गणपती, लग्नाची वरात, निवडणुकीचा निकाल, शाहू स्टेडियमवर तालमीचा संघ जिंकला की माळ लागतेच. त्यामुळे पहिली गोळी ऐकणारा बहुधा म्हणतो, "कुणीतरी सुतळी बॉम्ब लावला." फटाक्यांची माळ पेटली की सलग तडतडत संपते. गोळ्यांत अंतर असतं, दोन-तीन सुटतात, थांबतात, पुन्हा सुटतात, आणि आवाज जागा बदलतो. दगडी आवारात आणि अरुंद गल्लीत मात्र प्रतिध्वनी इतका होतो की दिशा कानावरून सांगता येत नाही. तेव्हा कानावर विसंबू नका, माणसांकडे बघा. किंकाळ्या आणि एकाच बाजूने पळत येणारी माणसं दिसली की शंका संपली.

खात्री करायला गॅलरीत जायचं नाही, मोबाइल काढून चित्रीकरण करायचं नाही. फटाका निघाला तर दोन मिनिटं वाया गेली एवढंच. लग्नात हवेत बार काढणाऱ्यांमुळेही लोकांच्या कानाची भीती मेली आहे. २०१९ च्या दुरुस्तीने शस्त्र कायद्यात असा बार हा गुन्हा ठरला असून दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अशा वरातीतून उठून जाणं आणि पोलिसांना कळवणं यात कसलाही कमीपणा नाही.

बाहेर पडता येत असेल तर पडा

पहिला पर्याय नेहमी हाच. पर्स, डबा, गल्ला, चपला सोडून द्या. सोबतच्यांना एकदा मोठ्याने सांगा, "चला, या बाजूने." कुणी जागचं हलत नसेल तर दंडाला धरून ओढा. लहान मुलाला उचला. पण जो यायला तयारच नाही त्याच्याशी वाद घालत थांबू नका.

चपलांचं मुद्दाम सांगतो. अंबाबाईच्या देवळाला चार बाजूंनी दरवाजे आहेत: पश्चिमेचा महाद्वार, उत्तरेचा घाटी दरवाजा, पूर्व दरवाजा आणि दक्षिणेचा विद्यापीठ दरवाजा. गोंधळात माणूस आपोआप आला त्याच दरवाजाकडे धावतो, आणि तिथेच चपला ठेवलेल्या असल्या की आणखी ओढीने धावतो. त्यामुळे चारातल्या एका दारात सगळी गर्दी कोंबली जाते आणि बाकीची मोकळी राहतात. दर्शनाला गेलात की मंडपात उभं असताना एकदा मान फिरवून आपल्याला सगळ्यात जवळचा दुसरा दरवाजा कुठला ते बघून ठेवा. ही सवय भवानी मंडपात, नाट्यगृहात, मॉलमध्ये, मंगल कार्यालयात, सगळीकडे लावून घ्यावी.

पळताना मोकळ्या मैदानातून सरळ रेषेत जाण्यापेक्षा एका आडोशापासून दुसऱ्या आडोशापर्यंत जा. इथे नजरेआड करणाऱ्या वस्तू आणि गोळी अडवणाऱ्या वस्तू यांतला फरक डोक्यात पक्का हवा. दगडी खांब, काँक्रीटचा कॉलम, नऊ इंची विटांची भिंत, लेथचा बेड, फाउंड्रीतली ओतीव कामाची रास ही खरी आड. गाडीच्या मागे लपायचं तर इंजिन आणि चाकाच्या मागे, कारण दाराचा पत्रा गोळी आरपार जाऊ देतो. लोखंडी कपाट, फ्रीज, सोफा, काउंटरचं सनमायका लावलेलं प्लाय यांच्यामागे तुम्ही दिसत नाही एवढंच. शाहूपुरीत किंवा मार्केट यार्डात धान्याच्या पोत्यांची थप्पी जवळ असेल तर तिच्यामागे जा, पण एका पोत्याच्या जाडीवर भरवसा नको, अनेक थरांची रास हवी. भिंतीला अगदी चिकटून चालू किंवा बसू नका. भिंतीवर तिरकी लागलेली गोळी भिंतीला धरूनच पुढे जाते. वीतभर तरी अंतर ठेवा.

बाहेर आलात म्हणजे सुटलात असं नाही. दरवाजातच थबकलात तर मागच्यांची वाट अडते. मध्ये दोन-तीन गल्ल्या आणि पक्क्या इमारती येईपर्यंत चालत राहा. बिंदू चौकात किंवा शिवाजी चौकात घोळका करून उभं राहणं चूक, रुग्णवाहिका आणि पोलीस तिथूनच यायचे असतात. गोळीबाराच्या दिशेने जाणाऱ्या लोकांना हात करून अडवा.

गर्दीत सापडलात तर

आपल्याकडे गोळीइतकाच, काही वेळा जास्त, धोका चेंगराचेंगरीचा. २५ जानेवारी २००५ ला वाईजवळ मांढरदेवीच्या यात्रेत जवळजवळ तीनशे माणसं गेली, आणि तिथे बंदूक नव्हती. नवरात्रात अंबाबाईच्या रांगेत किंवा जोतिबाच्या चैत्र यात्रेत नुसती "गोळीबार झाला" ही आरोळीदेखील जीव घेऊ शकते. म्हणून ऐकीव गोष्ट ओरडू नका. जे स्वतः पाहिलं तेच, आणि दिशेसकट, सांगा.

गर्दीच्या लोटात सापडलात तर दोन्ही हात मुष्टियोद्ध्यासारखे छातीपुढे घ्या, कोपर थोडे बाहेर, म्हणजे बरगड्यांपुढे श्वासापुरती जागा राहते. दाटीत माणूस पायाखाली येऊन मरतो त्यापेक्षा जास्त वेळा उभ्या उभ्या श्वास कोंडून मरतो. लोटाच्या विरुद्ध जाऊ नका. लाट पुढे जाऊन क्षणभर सैल होते तेव्हा तिरकं, कडेच्या दिशेने सरका. भिंत, बॅरिकेड किंवा कठड्याला टेकू नका, तिथे दाब सगळ्यात जास्त असतो. पडलेला मोबाइल उचलायला वाकू नका. पडलातच तर कुशीवर, गुडघे पोटाशी, हातांनी डोकं झाकून राहा आणि पहिली फट मिळताच उठा. मूल कडेवर नको, छातीशी आपल्या दोन हातांच्या आत धरा. संयोजकांनी रांगेची लोखंडी बॅरिकेड्स अशी लावावीत की दर काही अंतरावर एक तुकडा हाताने बाजूला सरकवता येईल. साखळदंडाने बांधलेली अखंड रांग म्हणजे सापळा.

बाहेर पडता येत नसेल तर दार लावून घ्या

आधी व्हरांड्यात एक नजर टाका, जवळ असलेल्यांना आत घ्या, मग बोल्ट लावा. दार आत उघडणारं असेल तर खाली लाकडी किंवा रबरी पाचर ठोका आणि जड बाक, कपाट, टेबल आडवं लावा. बाहेर उघडणाऱ्या दारामागे सामान रचून काही उपयोग नाही. त्याची मूठ पट्ट्याने किंवा ओढणीने आतल्या पक्क्या वस्तूला बांधा. दाराच्या वर दार आपोआप लावणारा, कात्रीसारखा हात असलेला क्लोजर असेल तर त्या हाताच्या दोन पट्ट्यांभोवती पट्टा घट्ट आवळला की दार उघडणं फार अवघड होतं.

दिवे घालवा, पडदे ओढा, टीव्ही बंद. मोबाइल नुसता सायलेंट पुरत नाही, व्हायब्रेशनही बंद करा, कारण लोखंडी बाकावर ठेवलेला फोन थरथरला की शेजारच्या खोलीत ऐकू जातो. दाराच्या सरळ रेषेत कुणी बसू नये. विटांची भिंत असेल तर दाराच्या बाजूच्या भिंतीकडे, काचेतून न दिसणाऱ्या कोपऱ्यात, जमिनीलगत बसा. सगळ्यांनी एकाच कोपऱ्यात गठ्ठा करू नये.

दार हाताने धरून ठेवायची वेळ आली तर दारामागे उभं राहू नका. १६ एप्रिल २००७ ला व्हर्जिनिया टेकमध्ये एका वर्गातल्या विद्यार्थ्यांनी मोठं टेबल दाराला लावलं आणि जमिनीवर आडवं पडून ते रेटून धरलं. हल्लेखोराने दारातून गोळ्या झाडल्या, पण त्याला आत येता आलं नाही आणि त्या वर्गातले सगळे वाचले. २६/११ ला कामा रुग्णालयात परिचारिका अंजली कुलथे यांनी वीस गरोदर बायकांना एका पॅन्ट्रीत नेऊन दारं लावून घेतली. जागा लहान, पण दार लागणारी.

बाहेरून कुणी "पोलीस आहे, उघडा" म्हटलं तरी लगेच उघडू नका. ११२ वर फोन लावून किंवा मेसेज करून खात्री करून घ्या. हल्ला संपल्यावर पोलीस किल्ली असलेल्या माणसाला घेऊन किंवा दार तोडून येतात. कित्येक तास थांबावं लागेल हे मनाशी धरा. म्हणून दडायच्या खोलीत पाण्याच्या बाटल्या, एक बादली आणि प्रथमोपचाराची पिशवी कायम असावी.

हल्लेखोर खोलीत शिरलाच, दुसरी वाटच उरली नाही, तर आणि तरच प्रतिकार. एकट्याने नाही, सगळ्यांनी एकदम, दाराच्या दोन बाजूंनी. सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे पावडरचं अग्निशामक सिलिंडर: पिन काढा, तोंडावर फवारा, मग तेच सिलिंडर मारायला. एकाने बंदुकीची नळी जमिनीकडे दाबायची, बाकीच्यांनी हात आणि पाय धरायचे. सुरू केल्यावर मध्ये थांबायचं नाही.

११२ ला काय सांगायचं

सुरक्षित आडोशाला पोहोचल्यावरच फोन करा. राज्यभरातले ११२ चे फोन मध्यवर्ती केंद्रात घेतले जातात आणि मग जिल्ह्याकडे जातात. तेव्हा पलीकडचा माणूस कोल्हापूरचाच असेल असं धरू नका. पहिला शब्द "कोल्हापूर", मग भाग, गल्ली, इमारत, मजला. आपल्याकडे शिवाजी चौक, शिवाजी पेठ, शिवाजी पूल, शिवाजी विद्यापीठ, शिवाजी उद्यमनगर असं सगळं एकाच नावाचं आहे. नुसतं "शिवाजीपाशी" म्हटलं तर गाडी भलतीकडे जाईल. राजारामपुरी आणि शाहूपुरीत गल्लीचा नंबर सांगितल्याशिवाय पत्ता पुरा होत नाही. एमआयडीसीतल्यांनी शिरोली, गोकुळ शिरगाव की कागल हे आधी सांगून प्लॉट नंबर द्यावा. पत्त्याचं हे वाक्य फोनच्या शेजारी भिंतीवर लिहून ठेवा.

मग: हल्लेखोर किती, कपडे कसे, लांब बंदूक की पिस्तूल, शेवटचा कुठे दिसला आणि कुठल्या बाजूला गेला, जखमी किती. बोलता येत नसेल तर फोन चालू ठेवा, आवाज तरी जाईल.

बाकी कुणालाही व्हिडिओ किंवा तुम्ही लपलात ती जागा पाठवू नका. २६/११ च्या थेट प्रक्षेपणातून हल्लेखोरांच्या सूत्रधारांना बाहेरच्या हालचाली कळत होत्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या निकालात यावर कडक शब्दांत ताशेरे ओढले आहेत. घरच्यांना एकच ओळ पुरे: "मी ठीक आहे, फोन करू नका."

पोलीस आल्यावर

पहिली तुकडी थेट हल्लेखोराकडे जाते. वाटेतल्या जखमीपाशी ती थांबत नाही, आणि त्यात निर्दयपणा नाही. २४ मे २०२२ ला टेक्सासमधल्या उवाल्डेच्या शाळेत पोलीस व्हरांड्यात ७७ मिनिटं थांबून राहिले, त्याची किंमत आत अडकलेल्या मुलांनी मोजली. तेव्हा त्यांना जाऊ द्या. तुमचे हात रिकामे, वर आणि बोटं पसरलेली असावीत. मोबाइलसुद्धा हातात नको. त्यांच्याकडे धावू नका, अंगाला बिलगू नका, बोट दाखवून ओरडू नका. सांगतील तसं बसा किंवा पालथे व्हा. बँकेच्या रखवालदाराने आपली बंदूक जमिनीवर ठेवून बाजूला व्हावं. परवानाधारकांनी मदत करायच्या हेतूने पिस्तूल काढू नये, कारण पोलिसांना त्या क्षणी हातातलं शस्त्र दिसतं, परवाना दिसत नाही. जमावाच्या हाती कुणी संशयित लागला तर मारहाण होऊ देऊ नका. तो भलताच असू शकतो, आणि खरा असेल तर त्याच्या जबाबाची गरज आहे.

रक्त थांबवणं

मोठी धमनी तुटली तर माणूस चार-पाच मिनिटांत जाऊ शकतो. १०८ ची गाडी त्याआधी पोहोचणं अवघड, आणि धोका असेपर्यंत तिला आत सोडतही नाहीत. तेव्हा हे काम शेजारच्याचं.

प्रत्येक मजल्यावर अग्निशामक सिलिंडरच्या शेजारी एक पिशवी टांगा. तिच्यात दांडी फिरवून आवळायचे दोन टूर्निके (रक्त थांबवायला हाता-पायाला बांधायचे पट्टे), चार इंची गॉजचे चार रोल, सहा इंची क्रेप बँडेज दोन, हातमोज्यांचे चार जोड, जाड कापड कापणारी कात्री, मार्कर. पिशवीला कुलूप नको.

रक्त उडत असेल, कापड भिजून जमिनीवर थारोळं होत असेल, तर ते जीवघेणं समजा. हाता-पायाची जखम असेल तर टूर्निके जखमेच्या दोन-तीन इंच वर, हृदयाच्या बाजूला बांधा. कोपरावर किंवा गुडघ्यावर नको, सांध्याच्या वर घ्या. पट्टा ओढा, दांडी फिरवा, रक्त पूर्ण थांबेपर्यंत फिरवत राहा, मग दांडी अडकवा. माणूस वेदनेने ओरडेल. तिथेच बहुतेकांचा हात सैल पडतो, आणि अर्धवट आवळलेला टूर्निके रक्त जास्त घालवतो. थांबलं नाही तर त्याच्या वर दुसरा. बांधल्याची वेळ मार्करने कपाळावर किंवा पट्ट्यावर लिहा. डॉक्टरशिवाय कुणी तो सोडायचा नाही.

टूर्निके नसेल तर ओढणी किंवा गमछा घडी घालून दोन इंच रुंद पट्टी करा, दोनदा गुंडाळून अर्धी गाठ मारा, तिच्यावर पान्हा ठेवून पूर्ण गाठ मारा आणि पान्हा पिळा. दोरी, वायर, बुटाची नाडी मांसात रुतते पण धमनी दाबत नाही. पेन आणि पेन्सिल मोडते.

जांघ, काख, मान इथे टूर्निके बसत नाही. तिथे गॉज किंवा स्वच्छ सुती कापड बोटाने जखमेच्या तळापर्यंत ठासून भरा आणि दोन्ही हात सरळ ठेवून, अंगाचा भार देऊन दहा मिनिटं दाबा. मध्ये उचलून बघायचं नाही. मानेवर दाब एकाच बाजूने द्या, गळ्याभोवती काही बांधू नका. छाती आणि पोटाच्या जखमेत काहीही कोंबू नका. छातीची जखम हाताने झाका, माणसाला बसायला सोपं वाटत असेल तर बसवा, आणि झाकल्यावर श्वास आणखी कोंडला तर हात काढा. हळद, कॉफी, चुना कशालाही जखमेत जागा नाही. तोंडाने पाणी देऊ नका, शस्त्रक्रिया करावी लागू शकते. अंगावर चादर घाला, गार पडलेल्या माणसाचं रक्त नीट गोठत नाही.

महाद्वार, भाऊसिंगजी रोडच्या भागातून सीपीआर हे सरकारी रुग्णालय जवळ आहे. रुग्णवाहिका आत येत नसेल तर रक्त थांबवल्यानंतर चादरीवर किंवा हातगाडीवर घालून मोकळ्या रस्त्यापर्यंत न्या. कुठलंही रुग्णालय पोलिसांच्या कागदासाठी उपचार अडवू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच हे स्पष्ट केलं आहे.

सराव

वर्षातून दोनदा, वीस मिनिटं. कर्मचाऱ्यांनी दुसऱ्या वाटेने रस्त्यापर्यंत जायचं, दडायची खोली बंद करायची, टूर्निके एकमेकांच्या दंडावर बांधून बघायचा. शाळेत खोट्या गोळ्यांचे आवाज आणि बंदूक घेतलेला माणूस नको. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये अशा भीतिदायक सरावाविरुद्ध स्पष्ट भूमिका घेतली आहे. लहान मुलांना "बाई सांगतील तेव्हा गप्प बसून दार लावायचं" एवढंच शिकवा आणि सरावाची तारीख पालकांना आधी कळवा. मुलांना कुठून न्यायचं ते ठिकाणही आधीच ठरवा, शाळेपासून दूर आणि मोठ्या रस्त्यावर. शेकडो पालक एकदम गाड्या घेऊन शाळेच्या गल्लीत शिरले तर १०८ अडकून पडते.

कुणी कामगार, विद्यार्थी किंवा शेजारी ठरावीक माणसांना मारायची भाषा वारंवार करत असेल, शस्त्राचे फोटो दाखवत असेल, तर "तापट आहे, बोलतो नुसता" म्हणून सोडू नका. असे हल्ले करणारे बरेच जण आधी कुणाजवळ तरी बोललेले असतात. मालकाला किंवा मुख्याध्यापकांना सांगा, आणि जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी द्या.

नंतर

जमिनीवरच्या पुंगळ्या, सांडलेलं सामान, रक्ताचे डाग जसेच्या तसे राहू द्या. दुकान धुवायची घाई करू नका, पंचनामा होऊन पोलिसांनी सांगितल्यावरच झाडू लावा. हजेरीपट घेऊन प्रत्येकाचं नाव पुकारा आणि न सापडलेल्यांची यादी पोलिसांना द्या. जखमींचे आणि मृतांचे फोटो ग्रुपवर फिरवू नका, घरच्यांना अशी बातमी माणसाने जाऊन सांगायची असते. पुढचे काही आठवडे झोप न लागणं, फटाक्याने दचकणं, त्या रस्त्याने जायला नको वाटणं हे स्वाभाविक आहे. महिना उलटूनही ते कमी होत नसेल तर टेलिमानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं, रात्री-अपरात्रीसुद्धा.